पट्ट्याला एक पीळ

"हितं एक पीळ द्यायचा," गुंडूतात्या म्हणाले, आणि मी हात लावायच्या आत त्यांनी पट्टा एकदा उलटा फिरवून होडीवरून पलीकडे टाकला.

सकाळचे आठ वाजले होते. सांगलीच्या घाटाच्या वरच्या अंगाला आत्याची पांढरी छोटी गाडी उभी होती. तिच्या टपावर मी स्वतः आखून वेल्डिंग करून घेतलेलं कॅरियर होतं आणि कॅरियरवर माझ्या धाकट्या बहिणीची, रेणूची, कायाक पालथी ठेवली होती. कायाक पाच मीटर वीस सेंटिमीटर, गाडी तीन मीटर साठ. म्हणजे पुढे-मागे मिळून एक मीटर साठ सेंटिमीटर होडी हवेत. वजन मात्र जेमतेम बारा किलो. शर्यतीची होडी, पातळ फायबरची.

"तात्या, पीळ कशाला पण?"

"तसंच असतंय."

"पण का?"

"का म्हंजे? माझा बा तसंच बांधायचा. टरकाच्या टपावर न्यायची असली तरी तसंच."

हे उत्तर मला चालत नसे. फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन मला पाच महिने झाले होते, आणि 'तसंच असतंय' या वाक्याशी माझं रोजचं भांडण होतं. वाऱ्यानं होडी किती उचलली जाईल याचं गणित मी आदल्या दिवशी मांडलं होतं. ताशी ऐंशी किलोमीटरला जास्तीत जास्त तीस किलो. दोन पट्टे होते, प्रत्येकाची ताकद पाचशे. पट्टा आवळायला लोखंडी रॅचेट होतं. दांडा मागेपुढे केला की एकेक खटका पुढे सरकायचा. पीळ पडला की पट्ट्याचा ताण एका कडेवर येतो, हेही मी वाचलं होतं.

तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. पूल व्हायच्या आधी नाव चालवायचे. रेणूला आणि मला पोहायला त्यांनीच शिकवलं, आणि पुढे रेणूच्या हातात वल्हंही त्यांनीच दिलं. त्यांनी दोन्ही पट्ट्यांना एकेक पीळ दिला, खटके मोजून आवळले, होडीला तळहातानं थोपटून आवाज ऐकला. मग खाली जाऊन ओंजळभर पाणी आणलं आणि होडीच्या नाकावर शिंपडलं.

"चला की तुम्ही पण," रेणू म्हणाली.

"नगं गं. गाडी लागती मला."

सगळा जन्म पाण्यावर काढलेल्या माणसाला चारचाकीत बसलं की इस्लामपूरच्या आत ओकारी यायची. रेणू हसली आणि त्यांच्या पाया पडली.

"पैल्या दोघीत ये, बास," ते म्हणाले. "पैलीच ये आसं न्हाई."

पुण्याजवळच्या जलाशयावर दुसऱ्या दिवशी सकाळी निवड चाचणी होती. पाचशे मीटर. पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. रेणू डिसेंबरात अठराची होणार होती. त्यानंतर तिला मोठ्या बायकांत उतरावं लागणार होतं, आणि तिथे आमच्यासारख्या घाटावर सराव करणाऱ्यांना कोण विचारतं? तीन वर्षं ती पहाटे साडेपाचला पाण्यावर होती. तिची सर्वात चांगली वेळ दोन मिनिटं चौदा सेकंद. घड्याळ माझ्या हातात असायचं, म्हणून मला आकडा माहीत होता.

पेठ नाक्यावर पेट्रोल भरलं. हवा भरायला थांबलो तेव्हा मी पट्टे सोडले.

रेणू काच खाली करून म्हणाली, "काय करतोयस?"

"पीळ काढतोय."

"तात्यांनी बांधलंय ते राहू दे ना."

"पट्टा सपाट बसला पाहिजे. पीळ पडला की ताण कडेवर येतो. कशाला जोखीम?"

"त्यांनी चाळीस वर्षं बांधल्यात होड्या."

"चाळीस वर्षं चुकीचं करता येतं."

तिनं काच वर केली. मी दोन्ही पट्टे सपाट केले, इस्त्री केल्यासारखे. तात्यांनी मोजले होते तेवढेच खटके दिले. लांबून पाहिलं, छान दिसत होतं.

हायवेला लागलो आणि साठच्या पुढे गेल्यावर आवाज सुरू झाला.

आधी वाटलं मागून ट्रक येतोय. मग वाटलं चाकात काहीतरी आहे. सत्तरला तो आवाज थेट टपातून यायला लागला, घोंऽऽ असा, दात हलवणारा. पंचाहत्तरला आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

"काय आहे हे?" रेणू ओरडली.

"पट्टा थरथरतोय!"

"मघाशी नव्हता थरथरत!"

कराडच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. आवाज मोजायचं ॲप मोबाइलमध्ये होतं. त्यात ब्याण्णव हर्ट्झ दिसले होते. तार ढिली असली की कंप पावते, ती ताणायची, एवढं साधं आहे असं मी ठरवलं. दोन-दोन खटके आवळले. पुन्हा निघालो. आता आवाज सत्तरला सुरू झाला, पण वरच्या पट्टीत. एकशे चार हर्ट्झ.

"आता तर शिट्टी मारतोय," रेणू म्हणाली. तिनं टॉवेलची गुंडाळी करून कानाखाली घेतली होती. तिला झोपायचं होतं. प्रवासात झोपून घे असं मीच वेळापत्रकात लिहून दिलं होतं.

"सुधारणा आहे. आधी साठला सुरू होत होता."

"मग साठनेच चल ना."

साठनं चाललो असतो तर पाऊण तास उशीर झाला असता, आणि दुपारी दोनच्या आत होडीची तपासणी व वजन करून घ्यायचं होतं. मी पंचाहत्तरनेच चाललो. डोकं भणभणत होतं. शेजारून जाणाऱ्या एका टेम्पोतल्या माणसांनी होडीकडे बोट दाखवून हात जोडले.

उंब्रजला पोलिसानं अडवलं.

"हे काय, मिसाईल?"

"होडी आहे साहेब. कायाक."

"कितीजण बसतात?"

"एकच."

"एका माणसाला एवढी लांब? आणि चालवणार कोण?"

"ही. माझी बहीण. उद्या स्पर्धा आहे तिची."

त्यानं वाकून रेणूकडे पाहिलं. "लायसन्स आहे?"

"होडीचं?"

"गाडीचं ओ! शहाणपणा करू नका."

लायसन्स दाखवलं. मग त्यानं होडीला एक प्रदक्षिणा घातली. मागे लाल फडकं होतं, ते त्याला लहान वाटलं. पुढे का नाही, असंही विचारलं. पुढे लागत नाही, असं मी नियम सांगून म्हणालो, आणि तिथेच आमची चाळीस मिनिटं गेली. शेवटी रेणूनं आपली लाल ओढणी काढून होडीच्या शेपटाला बांधली, हात जोडले, आणि तो म्हणाला, "जा. ताई समजूतदार आहे म्हणून सोडतो."

माझा संताप कुठे काढायचा ते मला कळेना. गाडी तिथेच उभी होती, रॅचेट समोर होतं. मी आणखी दोन-दोन खटके दिले.

पुन्हा आवाज. एकशे अठरा.

साताऱ्याच्या पुढे एका ढाब्याजवळ मी तिसऱ्यांदा थांबलो. साडेअकरा वाजले होते. रेणूनं डोळे मिटले होते, पण ती झोपली नव्हती. मी उतरलो, दार हळू लावलं. मागच्या पट्ट्याचा दांडा दोन्ही हातांनी ओढला. खट्. खट्. तिसऱ्याला दांडा अडला. मी पाय कॅरियरच्या पाइपला लावला आणि अंगाचं वजन टाकलं. खट्. त्याच वेळी आणखी एक बारीक आवाज झाला, नख मोडल्यासारखा. मी थांबलो, ऐकलं. हायवेवरून ट्रक जात होते. कॅरियरचा जोड बसला असेल असं म्हणालो, मनातल्या मनात.

आत बसल्यावर रेणूनं डोळे न उघडता विचारलं, "किती दिलेस?"

"एक."

"दादा, फार घट्ट नको करू."

"एकच दिला."

त्यानंतर ऐंशीपर्यंत आवाज आला नाही. खंबाटकीचा घाट आम्ही शांततेत चढलो. मी इतका खूश झालो की तिला तारेचा ताण आणि कंपनं यांवर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. ती "हं" म्हणत राहिली.

दुपारी दीडला पोचलो. होडी उतरवताना मी मागच्या बाजूला होतो. पट्टा निघाला आणि त्याच्याखाली होडीच्या पोटावर एक फिकट रेघ दिसली. चार बोटं लांब, केसाएवढी. मी नख फिरवलं. नख अडल्यासारखं वाटलं, अडलं नाही असंही वाटलं.

वरच्या रंगालाच चरा असू शकतो. आतपर्यंत गेलेली चीर असू शकते. यातलं काय, हे तपासायची पद्धत अगदी सोपी आहे: होडीत दोन बादल्या पाणी ओतायचं आणि खालून पाहायचं. दहा मिनिटांचं काम. चीर असती तर तिथे दुरुस्तीचं सामान घेऊन आलेले दोन-तीन संघ होते. फायबरची पट्टी लावून रात्रीत वाळली असती.

मी पाणी ओतलं नाही. रेणू नुकतीच मुक्कामाच्या हॉलवर जाऊन आडवी झाली होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी तिचं मन कशाला बिघडवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. होडीचं वजन झालं, तपासणाऱ्यांनी वरवर पाहून चिकटपट्टीचा क्रमांक लावला. मी होडी मांडणीवर ठेवली, पोट खालच्या बाजूला करून.

सकाळी वारा नव्हता. पाणी ताटासारखं होतं. रेणूनं पाऊण तास सराव केला आणि थेट सुरुवातीच्या रेषेवर गेली.

तीनशे मीटरपर्यंत ती दुसरी होती, तिसरीच्या अर्धी होडी पुढे. मी काठावरून धावत होतो. मग बाजूच्या रांगेतली निळ्या टोपीची मुलगी सरकायला लागली. रेणूचं वल्हं तितक्याच वेगानं पडत होतं. मी मोजत होतो, मिनिटाला एकशे दोन. गती कमी झाली नव्हती. होडीच वेग धरत नव्हती. शेवटच्या पन्नास मीटरला निळी टोपी पुढे गेली.

रेणू तिसरी आली. चार दशांश सेकंदानं.

धक्क्याला लागल्यावर ती कशीबशी उतरली, वल्हं माझ्या हातात दिलं आणि झाडांकडे चालत गेली. मी होडी उचलायला गेलो. बारा किलोची होडी हाताला जड लागली. कलंडवली तेव्हा आत पाणी डुचमळलं.

थोडं पाणी वल्ह्याचं उडतंच. मी तिची पिण्याची बाटली घेतली, पाऊण लिटरची, आणि होडीतलं पाणी तिच्यात धरून ओतलं. एक बाटली. दुसरी. तिसरी. मग तळाशी उरलेलं थोडं. सव्वादोन लिटरच्या वर. रेणू, होडी आणि वल्हं मिळून अडुसष्ट किलो. सव्वादोन किलोनं विरोध किती वाढतो, तेवढ्याच ताकदीत वेग किती घटतो, हे मला तिथे उभ्याउभ्या करता आलं. अर्धा सेकंद. थोडा कमी, थोडा जास्त.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि होडी कोरडी पुसली.

परत बांधताना शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर, पिकल्या मिशांचा माणूस, विडी विझवून बघत उभा राहिला. त्याच्या टपावर चार होड्या होत्या.

"येताना लई बोंबलली असेल ना गाडी?" त्यानं विचारलं.

"हो. का?"

"पट्टा सपाट आहे की. सपाट पट्टा गाणारच. एक पीळ द्यायचा, गप्प बसतो."

त्यानं हात घालून पीळ दिला. नेमका तिथेच, जिथे तात्यांनी दिला होता. वाऱ्यात सपाट वस्तूच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीनं भोवरे सुटतात आणि ती वस्तू थरथरते. आकार मध्येच बदलला की भोवऱ्यांचा मेळ तुटतो. या विषयावर मी परीक्षेत दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. आठ मिळाले होते.

परतीच्या वाटेवर टपावरून कसलाच आवाज आला नाही.

"इतकं शांत कसं?" रेणूनं शिरवळच्या आसपास विचारलं.

"पीळ दिला."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "हात मेले रे माझे. तीनशेनंतर मेले."

मी गिअर बदलला.

कराडला चहा घेताना ती पुन्हा म्हणाली, "तीन वर्षं केलं आणि शेवटी हातच मेले. उगाच सगळ्यांना उठवलं पहाटे." आणि पेठ नाक्यावर, "आता नाही करणार मी. बास झालं."

तिन्ही वेळा मी तोंड उघडलं. एकदा "रेणू" असं म्हणालोही. तिनं "काय?" विचारलं, तर म्हणालो, "काही खाणार का?"

संध्याकाळी साडेपाचला घाटावर पोचलो तेव्हा तात्या पायरीवर बसलेले होते. फोनवर त्यांना निकाल कळला होता. त्यांनी रेणूच्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीनं होडी सोडायला लागले. पट्टा सैल केला. बाजूला घेतला. होडीच्या पोटावरून तळहात फिरवला आणि हात तिथेच थांबला.

"रेणे," ते म्हणाले. "हितं चीर हाय."

रेणू आली. उन्हं कलती होती. तिरप्या उजेडात रेघ स्पष्ट दिसत होती. तात्यांनी अंगठ्यानं दाबलं, तशी ती उघडमीट झाली.

"आरपार हाय गं."

मग त्यांनी सुटलेला पट्टा पाहिला. त्यातला पीळ अजून तसाच होता. त्यांनी तो बोटांत धरला, होडीवर ठेवून पाहिला, पुन्हा उचलला.

"माझाच पीळ," ते म्हणाले. "कड लागली. ह्यो दादा इचारत हुता, पीळ कशाला, पीळ कशाला. पोरगं शिकल्यालं हाय, त्याचं ऐकाया पायजे हुतं मी."

"तात्या," मी म्हणालो.

"न्हाई रं. चुकलं ते चुकलं."

रेणू माझ्याकडे वळली. "दादा, होडी रिकामी तू केलीस. पाणी होतं आत?"

"होतं."

"किती?"

"सव्वादोन लिटर."

ती पायरीवर बसली. दोन्ही हात पालथे केले, मग उताणे केले, आणि तळव्यांवरच्या घट्ट्यांकडे बघत बसली. "म्हणजे हात नव्हते मेले," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सपाट पट्टे तिनं पाहिले होते. खटके तिनं ऐकले होते. ती पाहत राहिली, आणि मी रॅचेटमध्ये अडकलेला पट्ट्याचा धागा सोडवत राहिलो.

"तात्या, तुमचं काही चुकलेलं नाही," शेवटी ती म्हणाली. पण तात्या तोवर घाट उतरून पाण्याकडे गेले होते.

त्याला अकरा वर्षं झाली. रेणूनं वल्हं सोडलं नाही. राष्ट्रीय स्पर्धेला ती कधीच गेली नाही, पण आता ती शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि घाटावर तिच्या हाताखाली चौदा मुली आहेत. मी कोल्हापूरला कॉलेजात शिकवतो. कुठे स्पर्धा असली की आदल्या दिवशी तिचा फोन येतो. "दादा, बांधायला ये." तिला स्वतःला बांधता येतं, मुलींनाही तिनं शिकवलंय. तरी मी पन्नास किलोमीटर जातो. तात्या पायरीवर बसलेले असतात, हात पाठीमागे. त्या दिवसानंतर त्यांनी एकही होडी बांधली नाही. कुणी पट्टा हातात दिला तर म्हणतात, "नगं. माझ्या हातानं एकदा वाटोळं झालंय."

गेल्या रविवारी दोन होड्या जायच्या होत्या. मी गाडीच्या अलीकडे होतो, रेणू पलीकडे, तिच्या हातात पट्ट्याचं टोक. मी पीळ द्यायला लागलो.

"सपाट ठेव रं," पायरीवरून तात्या म्हणाले. एक्याऐंशीचे झालेत, आवाज फाटतो. "माझ्यावानी करू नगंस. तू म्हणत हुतास तेच खरं."

रेणूनं पट्टा ओढला नाही. होडीवरून माझ्याकडे पाहत उभी राहिली. गेल्या अकरा वर्षांत ती किती वेळा अशी उभी राहिली असेल, ते मी मोजलेलं नाही.

"तात्या," मी म्हणालो, "तुमचा पीळ मी पेठ नाक्यावरच काढला होता. पट्टे सपाट केले. मग आवाज यायला लागला, म्हणून आवळत गेलो. साताऱ्याच्या पुढे चीर पडली, आवाज ऐकला मी. येताना परत पीळ दिला, तोच तुम्ही पाहिलात."

घाटावर मुली वल्ही धूत होत्या.

"अकरा वर्सं?" तात्या म्हणाले.

"हो."

ते उठले. गुडघ्यावर हात टेकत तीन पायऱ्या चढून आले, माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सरक तिकडं," ते म्हणाले.

मी सरकलो. त्यांनी पट्टा हातात घेतला. पहिला पीळ सुटला. रेणूनं मदतीला हात पुढे केला नाही. मीही केला नाही. त्यांनी पट्टा पुन्हा सरळ केला, एकदा फिरवला, अंगठ्यानं दाबून धरला, आणि होडीवरून तिच्याकडे टाकला.